बाटल्यातले घोडे

नायट्रस ऑक्साइड हे नाव आमच्याकडे लोकांना दवाखान्यामुळे ठाऊक आहे. ऑपरेशन थिएटरच्या आसपास निळ्या रंगाचे बाटले उभे असतात, त्यांतला हा वायू. भूल देणारे डॉक्टर तो ऑक्सिजनबरोबर हुंगवतात. पण गेल्या वर्षी बहारीनहून कायमचा परत आलेला आमचा भाचा या वायूची चौकशी करीत आमच्याकडे आला, तेव्हा घरात कोणी आजारी नव्हते. त्याला तो मोटारीत बसवायचा होता. सलाम करून बसला, चहाचा पेला हातात घेतला आणि म्हणाला, "मामू, ड्राय किट घेऊ की वेट?"

आम्ही उमेदीची वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. मोहल्ल्यात कोणाची मोटारसायकल सुरू होत नसली, कोणाच्या मच्छीच्या बोटीचे इंजिन धूर टाकत असले, तरी लोक आम्हाला विचारतात. जहाजाचे इंजिन मिनिटाला शंभरेक फेरे घेते आणि मोटारीचे सहा-साडेसहा हजार. दोहोंत हत्ती आणि हरणाइतके अंतर. पण आग, हवा आणि लोखंड यांचा हिशेब दोन्हीकडे एकच. म्हणून भाच्याला "असले फंद करू नकोस" एवढेच सांगून वाटेला लावणे आम्हाला जमले नाही. त्याने प्रश्न कारागिराचा विचारला होता. त्याला उत्तरही कारागिराचेच मिळायला हवे होते.

मोटार म्हणजे २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटरचे व्हीटेक इंजिन. कंपनीच्या कागदावर १०६ अश्वशक्ती. ही गाडी आपल्याकडच्या शौकीन पोरांची फार लाडकी. भाच्याने ती बहारीनला असतानाच एका मित्राकरवी घेऊन ठेवली होती. पंधरा वर्षे उलटल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली, रंग नवा, सीट नव्या. इंजिन मात्र जसे होते तसेच.

आमच्या कोकणी मुसलमानांच्या दोन-तीन पिढ्यांची कमाई आखातातून आली. त्या पैशावर घरांचे चिरे चढले, बहिणींची लग्ने झाली, जमातीच्या इमारती उभ्या राहिल्या. माणूस जिथे राबतो तिथला शौकही थोडा अंगाला लागतोच. भाचा सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये सहा वर्षे होता. सखीरला २००४ साली मोटार-शर्यतींचा मोठा ट्रॅक झाला, त्याच्या अंगणात ड्रॅगची सरळ पट्टीही आहे. शर्यतीच्या रात्री हा गॅरेजच्या सोबत्यांबरोबर तिथे जाई. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या पट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि दहा-बारा सेकंदांत सगळे संपते. भाचा हे सांगू लागला की त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. आम्ही ती ओळखतो. पहिल्यांदा इंजिनरूमच्या शिडीवरून खाली पाहिले तेव्हा आमच्या डोळ्यांतही ती असणार.

हा वायू नेमके काय करतो? पोरांमध्ये एक गैरसमज पक्का बसला आहे की नायट्रस हे जबरदस्त जळाऊ इंधन आहे. तो स्वतः जळत नाही. इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, अडते ते हवेपाशी. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साडेचौदा-पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते आणि हवेत वजनाने ऑक्सिजन असतो फक्त २३ टक्के. नायट्रस ऑक्साइडमध्ये तो ३६ टक्के असतो. इंजिनाच्या सिलिंडरातल्या उष्णतेत हा वायू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि मग तेवढे जास्त पेट्रोल जाळता येते. शिवाय बाटल्यात तो द्रवरूप असतो. बाहेर फवारला की उणे ८८ अंशांना उकळून आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणजे आणखी थोडा फायदा. सारांश, ताकद पेट्रोलचीच. नायट्रस फक्त जास्त पेट्रोल जाळायची मुभा देतो. ही गोष्ट ज्याच्या डोक्यात बसली त्याने निम्मी निवड केली असे समजावे, कारण मुभा मिळाली आणि पेट्रोल कमी पडले तर ज्वाला पिस्टनच खाऊ लागते.

प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ साली हा वायू वेगळा काढला. हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टलला तो स्वतः हुंगून पाहिला आणि हसत सुटला, म्हणून त्याला हसवणारा वायू म्हणतात. इंजिनात त्याला नेले दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांनी. विमान फार उंच गेले की हवा विरळ होते, इंजिन गुदमरते. अशा वेळी वैमानिक टाकीतला नायट्रस सोडीत. त्या व्यवस्थेला ते 'जीएम-१' म्हणत. पुढे अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांनी हेच जमिनीवर आणले. १९७८ मध्ये 'एनओएस' नावाची कंपनी निघाली आणि २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटाने ती तीन अक्षरे जगभरच्या पोरांच्या तोंडी बसवली. चित्रपटात बटण दाबले की रस्ता धूसर होतो. पिस्टन वितळतो ते चित्रपट सहसा दाखवत नाहीत.

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे. किटचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

ड्राय किटमध्ये हवेच्या नळीत फक्त नायट्रस फवारला जातो. वाढीव पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरांनी द्यायचे. फिटिंग कमी, नळ्या कमी, भावही कमी. आत जाणारी नळी ओली होत नाही हा मोठा गुण. पण यासाठी इंजेक्टरांची तेवढी ताकद हवी आणि गाडीचा कॉम्प्युटर पुन्हा शिकवून घ्यायला हवा. वेट किटमध्ये एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही बरोबर येतात. दोन्हींना आपापला जेट, म्हणजे मोजून छिद्र पाडलेली पितळी गोळी. किती ताकद वाढवायची ते या जेटच्या जोडीवर ठरते. गाडीच्या मूळ इंजेक्टरांवर भार नाही. तिसरा प्रकार डायरेक्ट पोर्टचा. त्यात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळे नोझल बसवतात. वाटणी सगळ्यांत चोख, पण मॅनिफोल्ड काढून त्याला भोके पाडून आटे कापावे लागतात. काम हुशार हाताचे, आणि शंभर-दीडशे घोडे वाढवायचे असतील तेव्हाचे. भाच्याला हवे होते पन्नास. त्यामुळे तिसरा प्रकार आम्ही लगेच बाजूला काढला.

त्याचा कल ड्रायकडे होता. सलमाबादला त्याने तेच जास्त पाहिले होते. पण तिथे पाहिलेल्या गाड्या नव्या होत्या, त्यांच्या कॉम्प्युटरांना शिकवणारे लोक हाताशी होते, आणि पेट्रोल वेगळे होते. आम्ही त्याला विचारले, "तुझ्या गाडीत काल पेट्रोल कोणते भरलेस?"

"पंपावरचे. साधेच."

"त्यात इथेनॉल किती?"

तो गप्प झाला. आपल्या देशात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, त्याने इंजिन कमी ठोकते, हे खरे. पण इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त लागते. शुद्ध पेट्रोलला एकास १४.७ हवा, तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. गाडी आरामात चालत असते तेव्हा धुरातला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पण पाय पूर्ण दाबला की जुन्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरचे ऐकणे सोडतो आणि २००२ साली त्याच्यात लिहून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. तेव्हाचे आकडे तेव्हाच्या पेट्रोलचे. म्हणजे पूर्ण रेसवर ही गाडी आजच्या पेट्रोलवर आधीच काही टक्के उपाशी धावते. नायट्रस सोडायचा तो नेमका पूर्ण रेसवरच. उपाशी इंजिनाला ड्राय किट लावणे म्हणजे रोजा धरलेल्या माणसाला भर दुपारी विहिरीवर कामाला लावण्यासारखे. त्यात त्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंप वीस वर्षांपूर्वीचे. ते इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत.

म्हणून आम्ही वेट सुचवले, आणि तेही जेट पेट्रोलच्या बाजूने एक पायरी सढळ ठेवून. सढळ पेट्रोलने काळा धूर येईल, दोन-चार घोडे कमी मिळतील. कंजूष पेट्रोलने मात्र इंजिन जाईल. वेटचीही खोड आहेच. होंडाचा मॅनिफोल्ड कोरडी हवा वाहून नेण्यासाठी बनवलेला, त्यात पेट्रोलचे थेंब वळणावर खाली बसतात. एखादा सिलिंडर जास्त पितो, एखादा तहानलेला राहतो. खाली साचलेले पेट्रोल भडकले तर मॅनिफोल्डमध्येच धडाका होतो. यावर उपाय म्हणजे नोझल थ्रॉटलच्या जवळ बसवणे आणि इंजिन सावकाश फिरत असताना नायट्रस न सोडणे.

हे शेवटचे पोरांना पटत नाही. त्यांना वाटते, बटण आपल्या हातात आहे तर केव्हाही दाबावे. दीड हजार फेऱ्यांवर पन्नास घोड्यांचा नायट्रस आत गेला तर पिस्टन वर येण्यापूर्वीच त्याच्या डोक्यावर घण बसतो. कनेक्टिंग रॉड वाकतो. उलट फेरे मर्यादेला भिडले की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, पण नायट्रसला ते कोणी सांगितलेले नसते, तो वाहतच राहतो. म्हणून दोन स्विच हवेतच. एक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच जोडला जाणारा, आणि दुसरा साधारण तीन हजार फेऱ्यांनंतर चालू होऊन मर्यादेच्या थोडा आधी बंद होणारा. बटण दाबणाऱ्या बोटावर विश्वास ठेवायचा नाही. प्लग एक पायरी थंड घालायचे. ठिणगीचे टायमिंग दर पन्नास घोड्यांमागे सुमारे दोन अंश मागे घ्यायचे. हे सगळे मिळून किट. पितळी नोझल आणि चकचकीत बाटला हा त्यातला दिसणारा भाग.

भाच्याने वहीत लिहून घेतले. पोरगा हुशार आहे. मग त्याने बाटल्याचे विचारले, आणि इथे आपा मध्ये बोलली. आपा म्हणजे आमची थोरली बहीण, त्याची आई. इतका वेळ ती तांदूळ निवडत बसली होती.

"तो बाटला घरात ठेवायचा काय?" तिने विचारले.

आम्हाला वाटते, त्या दुपारचा सगळ्यांत चांगला प्रश्न तिचाच होता. बाटला साडेचार किलो वायूचा. तीस अंश तापमानाला आतला दाब असतो नऊशे पीएसआयच्या आसपास. मोटारीच्या टायरमध्ये असतो तीस-बत्तीस. किट नीट चालायला हाच नऊशे-साडेनऊशेचा दाब लागतो. थंड मुलखातले लोक बाटल्याला गरम करणारी पट्टी गुंडाळतात. आपल्या कोकणात उलटी अडचण. या वायूची एक हद्द आहे, ३६.४ अंश. त्यापुढे तो द्रव राहू शकत नाही. बाटल्यात खाली द्रव आणि वर वायू असे दोन भाग उरत नाहीत, सगळे एकच होऊन जाते, आणि तापमान चढेल तसा दाब झपाट्याने वाढतो. मे महिन्यात मारुती मंदिरापाशी काचा लावून गाडी अर्धा तास उन्हात ठेवली तर डिकीत हात घालवत नाही. तिथे ३६ अंश कधीच मागे पडलेले असतात. दाब वाढला की त्याच छिद्रातून जास्त नायट्रस जातो, पण पेट्रोल मात्र तेवढेच येते. म्हणजे सकाळी बरोबर बसवलेला जेट दुपारी चुकीचा ठरतो. दाब दाखवणारे घड्याळ डोळ्यांसमोर हवे. आणि ते हजाराच्या वर दिसले तर त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही.

बाटल्याच्या तोंडाशी एक पातळ चकती असते. दाब हाताबाहेर गेला तर आधी ती फुटते आणि बाटला वाचतो. पण ती फुटली की सगळा वायू गाडीत भरतो. काचा बंद असतील तर चालवणारा माणूस भुलीच्या औषधात बसल्यासारखा. म्हणून त्या चकतीपासून गाडीच्या बाहेर जाणारी नळी घालतात. ही नळी स्वस्त असते आणि लोक तीच विसरतात. बाटला भरायचाही तोलून, दाब बघून नव्हे. काठोकाठ भरला आणि मग तापला तर द्रवाला फुगायला जागा राहत नाही.

आपाला आम्ही सांगितले, घरात नाही. पडवीत नाही, माळ्यावर नाही. त्याला कारण फक्त दाबाचे नव्हते. हा वायू फुग्यात भरून हुंगायचा नाद जगभर पसरला आहे. इंग्लंडात नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या यादीत घालावे लागले. वारंवार हुंगला तर शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी होते, पाय बधिर होतात, चालणे जाते. अमेरिकेत मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये मुद्दाम किंचित गंधकाचा वायू मिसळतात, म्हणजे कोणी हुंगू नये. आपल्या मोहल्ल्यात सोळा-सतरा वर्षांची पोरे घरोघर आहेत. दारूची बाटली कोणी घरात आणणार नाही. हा बाटला दारूचा वाटत नाही एवढाच फरक.

शिवाय बाटला भरणार कुठे? दवाखान्याचा नायट्रस हे औषध आहे, ते परवान्यावर मिळते. कुठल्याशा कंपाउंडरला गाठून मागच्या दाराने भरून घेण्याची वाट काही पोरे सांगतात. ती चोरीची वाट आहे, हे आम्ही भाच्याला स्पष्ट सांगितले. बाहेरून आणलेला बाटलाही नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'च्या मान्यतेशिवाय आपल्या देशात आणता येत नाही, भरता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. विमा कंपनी तर असले काही सापडण्याची वाटच पाहत असते.

"मग चालवणार कुठे?" आम्ही विचारले.

तो थोडा चाचरला. "आरे-वारेच्या रस्त्याला, मामू. पहाटे तिथे कोणी नसते."

आरे-वारेचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना आणखी सांगायला नको. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, चढ-उतार, आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. पहाटे तिथे कोणी नसते हे पहाटे झोपणाऱ्या माणसाचे म्हणणे. फजरला उठणाऱ्याला माहीत असते की त्या वेळी मासळीवाल्या बाया निघालेल्या असतात, दुधाच्या मोटारसायकली असतात, डांबर रात्रभर ऊबदार राहते म्हणून गुरे रस्त्यावर बसलेली असतात. आम्ही त्याच वहीत त्याला हिशेब मांडून दाखवला. ताशी शंभरला गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. तिला ब्रेक लावून थांबायला समजा पन्नास मीटर लागतात. ताशी एकशे चाळीसला ते पन्नासाचे सत्तर होत नाहीत, जवळजवळ शंभर होतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद वेगळा. त्या एका सेकंदात गाडी एकोणचाळीस मीटर पुढे गेलेली असते. आणि किट ब्रेकना काहीच देत नाही. हातखंब्याच्या वळणापासून परशुराम घाटापर्यंत महामार्गाने किती जणांना नेले ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला लागत नाही. त्यातले काही जनाजे आम्ही खांद्यावर घेतले आहेत. पोर तरुण असेल तर खांद्याला वजन जास्त लागते.

आपा काही बोलली नाही. तिने सूप खाली ठेवले होते एवढेच.

भाच्याला वाटले, मामू आता हराम-हलालवर येणार. आम्ही आलो, पण त्याला अपेक्षित होते त्या बाजूने नव्हे. सहीह बुखारीत घोड्यांच्या शर्यतीची नोंद आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्वतः शर्यत लावली आणि अब्दुल्लाह इब्न उमर तीत धावले. म्हणजे वेगाची आवड हा गुन्हा नव्हे. पण त्या नोंदीत एक बारकावा आहे, आणि आम्हा इंजिनवाल्यांना तो फार आवडतो. शर्यती दोन होत्या. तयार केलेल्या घोड्यांना हफयापासून सनियतुल विदापर्यंत धावायला दिले. हे अंतर पाच-सहा मैल. तयार न केलेल्या घोड्यांना सनियतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, जेमतेम एक मैल. अरबांच्यात घोडा तयार करायची रीत होती. आधी भरपूर खाऊ घालायचा, मग दाणा हळूहळू कमी करायचा, अंगावर झूल टाकून घाम काढायचा, की मांस घट्ट होते आणि दम वाढतो. ज्या घोड्याचे हे झाले नाही त्याला लांब पळवला तर तो मरेल. म्हणून त्याच्या दमाएवढेच अंतर. शर्यतीची जागा ठरलेली, सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. बाजाराच्या गर्दीतून कोणी घोडा फेकला नव्हता.

"तुझा घोडा कुठला?" आम्ही विचारले. "तयार केलेला की न केलेला?"

तो हसला. म्हणाला, "मामू, ते बघावे लागेल."

आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाच्या ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत. रत्नागिरीहून एका रात्रीचा प्रवास. अशा ठिकाणी गाडी आधी तपासतात, हेल्मेट बघतात, अग्निशमन आणि रुग्णवाहिका उभी असते, आणि ४०२ मीटर संपल्यावर थांबायला पुढे मोकळी पट्टी असते. मोटारींच्या खेळाची राष्ट्रीय संघटना, एफएमएससीआय, स्पर्धकांना परवाना देते; तो काढावा. गाडी तिथे ट्रकवर चढवून न्यावी, नायट्रसचा भरणा आयोजकांना विचारून, कायदेशीर मार्गानेच, आणि परत येताना बाटला रिकामा. यात पैसा लागतो. परदेशात साध्या वेट किटला सहाशे-आठशे डॉलर पडतात. त्यावर जकात, बसवणे, ट्रकचे भाडे आले. आणि एका बाटल्यात पन्नास घोडे फार तर दोन-तीन मिनिटे धावतात. बहारीनच्या सहा वर्षांच्या पगारातली किती महिन्यांची बचत म्हणजे ही तीन मिनिटे, तो आकडा त्याने स्वतः काढावा. आम्ही काढून देणार नव्हतो. शौकाला मोल नसते असे म्हणतात, पण घरखर्चाला असते.

दुसरी गोष्ट, किट मागवण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घे. यासाठी ना डॉलर लागतात ना परवाना. मिरकरवाड्यात बोटवाले नव्या मोसमाआधी इंजिन बघून घेतात, मग जाळे भरतात. समुद्रात मधेच इंजिन बंद पडले तर किनारा उचलून जवळ आणता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्याबरोबर उद्यमनगरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, पेट्रोलचा फ्यूज उपसला, आणि एकेका सिलिंडरला घड्याळ लावून स्टार्टर मारला. पहिल्यात साडेबारा किलो. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात नऊ. चौथ्यात पुन्हा साडेबारा. मिस्त्रीने काही न बोलता तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडले आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा अकराच्या वर गेला. ऑइलने जागा भरली की दाब वाढतो, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत, गळती रिंगांतून आहे. तीन सिलिंडर धडधाकट, आणि एकाच्या रिंगा गेलेल्या. नायट्रस चौघांना सारखाच वाटला जाणार होता.

भाच्याने घड्याळ हातात घेऊन काटा पुन्हा एकदा शून्यावर आणला. मग मिस्त्रीला विचारले, हेड उतरवायला किती दिवस, बोअर करावी लागली तर ओव्हरसाइज पिस्टन इथे मिळेल की कोल्हापूरहून मागवावा लागेल. मिस्त्री म्हणाला, कोल्हापूरहून, चार दिवस. इंजिन सध्या टेबलावर उघडे आहे. भाचा रोज जुहरनंतर तिथे जातो आणि स्वतः कार्बन खरवडतो. वहीच्या पहिल्या पानावर त्याने वेट किटचे नाव आणि भाव लिहिला होता. आता त्याच्या वर रिंगांचा, पेट्रोल पंपाचा आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांचा खर्च चढला आहे.